चाहत्यांनी निवडलेली वीस गाणी: मतं मोजली की आवड कळते का?



समजा, तुमच्या आवडत्या गायकाच्या कारकिर्दीवर एक संग्रह निघणार आहे. गाणी त्यानेच लिहिलेली आणि त्यानेच गायलेली. पन्नास वर्षांची वाटचाल, चारशेच्या आसपास गाणी आणि जागा फक्त वीस. कंपनी म्हणते, "आपण कशाला ठरवायचं? चाहत्यांनाच विचारू." मतं मागवायची, मोजायची, वरची वीस गाणी उचलायची. झालं!

संशोधनात असं पटकन "झालं" म्हणावंसं वाटलं की जरा थांबायचं असतं. या छोट्याशा कामात नमुना, प्रश्नाची रचना, मोजणी आणि निष्कर्ष अशा चारही पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर पाय घसरू शकतो. तुम्ही पीएचडीच्या तयारीत असाल तर हे उदाहरण नीट समजून घ्या. पुढे प्रश्नावली करताना, डेटा निवडताना, अगदी पूर्वीच्या संशोधनाचा आढावा लिहितानाही ते कामाला येईल.

एकच गायक, चार निवडी

उदाहरण म्हणून ब्रिटिश गायक-गीतकार डेव्हिड बोवीला घेऊ. १९६७ मध्ये त्याचा पहिला अल्बम आला आणि शेवटचा आला जानेवारी २०१६ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या दोन दिवस आधी. मधल्या काळात तो इतक्या वेळा बदलला की 'बोवीचं प्रातिनिधिक गाणं' कोणतं, यावर त्याच्या दोन चाहत्यांचं एकमत होणं कठीण. आणि त्याची गाणी निवडण्याचे निरनिराळे प्रयोग खरोखर झालेले आहेत.

पहिला प्रयोग १९९० चा. 'साउंड + व्हिजन' नावाचा दौरा निघाला. आपली जुनी गाजलेली गाणी या दौऱ्यात शेवटची गाणार, असं बोवीने जाहीर केलं आणि कोणती गाणी हवीत ते चाहत्यांनी फोन करून सांगावं, असं आवाहन केलं. अमेरिकेत त्यासाठी ९०० ने सुरू होणारा, म्हणजे फोन करणाऱ्याला जास्तीचे पैसे पडणारा नंबर होता.

दुसरा २००२ चा. 'बेस्ट ऑफ बोवी' हा संग्रह वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या यादीसह निघाला. ज्या देशात जी गाणी जास्त चालली होती, ती त्या देशाच्या यादीत.

तिसरा २००८ चा. 'आयसिलेक्ट' या संग्रहातली १२ गाणी स्वतः बोवीने निवडली. इंग्लंडमध्ये तो आधी एका वृत्तपत्रासोबत फुकट वाटला गेला. त्यात 'स्पेस ऑडिटी' नाही, 'हीरोज' नाही, 'लेट्स डान्स'ही नाही. जगाला तोंडपाठ असलेली गाणी त्याने बाजूला ठेवली आणि अल्बमच्या कोपऱ्यात पडून राहिलेली बरीच गाणी घेतली.

चौथा २०१४ चा. 'नथिंग हॅज चेंज्ड' या संग्रहाच्या तीन सीडींच्या आवृत्तीत क्रम उलटा आहे. सुरुवात त्या वर्षीच्या नव्या गाण्याने आणि शेवट १९६४ च्या पहिल्या सिंगलने. म्हणजे गाणी कोणती हा एक निर्णय आणि ती कोणत्या क्रमाने ऐकवायची हा दुसरा.

माणूस तोच, पण याद्या वेगळ्या. यातली बरोबर कोणती? हा प्रश्न मनात ठेवून पुढे चला.

मत देणारा कोण आहे?

जुन्या रेडिओच्या जमान्यातलं झुमरी तलैया आठवतंय? झारखंडमधल्या या गावातून फर्माइशीची इतकी पत्रं यायची की पुष्कळ श्रोत्यांना ते गाव कल्पनेतलंच वाटायचं. फर्माइशींच्या ढिगावरून देशाची आवड ठरवायला बसलो असतो, तर प्रत्यक्षात पोस्टकार्डं लिहिण्याचा उत्साह कुठे जास्त आहे, तेवढंच कळलं असतं.

बोवीच्या फोनचंही तेच. पैसे मोजून फोन करणारा माणूस सरासरी श्रोता नसतो. त्याची आवड ठाम असते, वेळ आणि पैसा हाताशी असतो आणि बहुधा तो आधीपासूनच कट्टर चाहता असतो. याला स्वयंनिवडीचा पूर्वग्रह म्हणतात: नमुना आपण काढलेला नसतो, तो स्वतःच चालत आलेला असतो. इथे एक गैरसमज काढून टाका. मतांची संख्या वाढवून हा दोष जात नाही. दहा हजार फोन आले तरी ते फोन करणाऱ्यांचेच. मोठ्या आकड्यामुळे चुकीच्या उत्तराबद्दलचा आपला विश्वास तेवढा वाढतो.

मात्र हा दोष आहे की नाही, हे तुमच्या प्रश्नावर ठरतं. संग्रह कट्टर चाहत्यांसाठीच असेल तर त्यांचा नमुना हाच योग्य नमुना. पण तो बोवी कधीच न ऐकलेल्या मुलांसाठी असेल, तर ज्यांना विचारलं ते आणि ज्यांच्यासाठी विचारलं ते, हे दोन गट वेगळे झाले.

नेमकं विचारलं काय?

"तुमचं सर्वात आवडतं गाणं कोणतं?" आणि "या गायकाचा प्रवास दाखवणारं गाणं कोणतं?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर देताना माणूस स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांत जातो, दुसऱ्यासाठी त्याला गायकाकडे बघावं लागतं. आपण बरेचदा विचारतो पहिला आणि निष्कर्ष काढतो दुसऱ्याचा.

तिसरी वाट म्हणजे विचारायचंच नाही, वागणूक मोजायची. कॅनडाचा गायक-गीतकार नील यंग याच्या २००४ च्या 'ग्रेटेस्ट हिट्स'मध्ये गाणी घेताना मूळ रेकॉर्डांची विक्री, रेडिओवरचं प्रसारण आणि डाउनलोडची माहिती हा आधार धरला होता. वरवर पाहता हे चोख वाटतं, पण विक्री म्हणजे केवळ आवड नव्हे. जे गाणं कंपनीने सिंगल म्हणून काढलं आणि रेडिओवर वाजत ठेवलं, तेच जास्त विकलं जाणार. तुम्ही श्रोत्यांची आवड मोजायला गेलात आणि तीत कंपनीची जुनी निवडही मोजून आलात.

जोनी मिचेलने यावर छान तोडगा काढला होता. १९९६ मध्ये तिच्या गाजलेल्या गाण्यांचा 'हिट्स' हा संग्रह निघाला तेव्हा त्याच्या जोडीने 'मिसेस' हा न गाजलेल्या गाण्यांचा, तिने स्वतः निवडलेला संग्रहही काढायला लावला. एका मोजपट्टीत जे बसत नाही, ते दुसऱ्या मोजपट्टीने जवळच मांडून ठेवायचं. शोधनिबंधातही हे करता येतं.

एकाने एकच मत द्यायचं तर

आता मोजणीकडे येऊ. १९९० च्या त्या फोन मतदानात एक गंमत झाली. 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या ब्रिटिश साप्ताहिकाने वाचकांना चिथावलं की सगळ्यांनी 'द लाफिंग नोम' या गाण्यालाच मत द्या. हे बोवीचं १९६७ चं बालिश, गमतीचं गाणं. आवाज वेगाने फिरवून केलेले बुटक्यांचे संवाद त्यात आहेत. मोहीम चालली, मतं पडली. पण तो खोडसाळपणा आहे हे कळल्यावर त्याने काही ते गाणं गायलं नाही.

हसून सोडून देऊ नका, आकडे मांडून बघा. १०० मतदार आणि प्रत्येकाला एक मत. समजा, त्यातल्या ४५ जणांना १९७० च्या दशकातली नऊ गाणी जवळजवळ सारखीच आवडतात. त्यांची मतं नऊ ठिकाणी विभागली, प्रत्येक गाण्याला ५. दुसरीकडे फक्त १२ जणांनी ठरवून एकाच गाण्याला मत दिलं. त्याला १२. म्हणजे ४५ जणांची नऊ आवडती गाणी खाली आणि १२ जणांची थट्टा वर! मतं मोजण्यात कुठेही चूक झालेली नाही, चूक नियमातच आहे. जितकी चांगली गाणी जास्त, तितकी ती एकमेकांची मतं खातात. समृद्ध काळालाच इथे शिक्षा होते.

उपाय सोपा वाटतो. एकच मत देण्याऐवजी "आवडतात त्या सगळ्यांवर खूण करा" म्हणायचं. याला अनुमोदन मतदान म्हणू. मग त्या नऊ गाण्यांना प्रत्येकी ४५ खुणा मिळतात आणि नोमला १२. प्रश्न सुटला?

एक सुटला. दुसरा उभा राहिला.

बहुमत सगळीच पाने घेऊन जातं

पुन्हा १०० चाहते घ्या, जागा पाच. ६० जणांना रेडिओवर गाजलेली पाच गाणी आवडतात. उरलेल्या ४० जणांना 'लो', 'हीरोज', 'लॉजर' (१९७७ ते १९७९) या बर्लिन त्रयीतली पाच गाणी. खुणा मोजल्या: गाजलेल्या प्रत्येक गाण्याला ६०, बर्लिनच्या प्रत्येक गाण्याला ४०. वरची पाच उचला. पाचही गाजलेली. शंभरातल्या चाळीस जणांच्या हाती एकही गाणं नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. पहिल्या वर्षाला असताना एका कार्यशाळेसाठी सत्रं निवडायचं काम माझ्याकडे आलं होतं. वीस विषयांची यादी केली, फॉर्म पाठवला, "हवे असलेले विषय निवडा" म्हटलं. नव्वद उत्तरं आली. मी खुणा मोजल्या, वरचे पाच विषय घेतले आणि तक्ता सुबक करून पुढे पाठवला. मोजणी दोनदा तपासली होती, त्यामुळे खुशीत होते. कार्यशाळेच्या दिवशी चहाच्या वेळी बाहेरगावच्या कॉलेजमधून आलेली एक मुलगी जवळ आली. "ताई, मीही फॉर्म भरला होता. आमच्यासारख्यांसाठी एकही सत्र नाही का?" मी तिला म्हटलं, "अगं, मतांवरूनच ठरलं." ती "बरं" म्हणाली आणि निघून गेली. घरी येऊन फॉर्म पुन्हा उघडले, तेव्हा दिसलं की निम्म्याहून जास्त उत्तरं एकाच मोठ्या विभागातली होती आणि पाचही सत्रं त्यांच्या कामाची. ती मुलगी आणि तिच्यासारखे वीसेक जण एसटीने प्रवास करून आले होते, ते दुसऱ्यांसाठी निवडलेली सत्रं ऐकायला.

माझी बेरीज बरोबर होती. बेरीज करणंच चुकीचं होतं.

कारण संग्रह म्हणजे सुट्या गाण्यांची बेरीज नव्हे. संग्रहात एका प्रकारची चार गाणी आली की पाचव्याची किंमत कमी होते, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. मोजणीच्या नियमाला मात्र ते मुद्दाम सांगावं लागतं.

टीलेची युक्ती

हे सांगायची एक जुनी रीत आहे. डेन्मार्कचा खगोलशास्त्रज्ञ थोरवाल्ड टीले याने ती १८९५ मध्ये मांडली. एखाद्या मतदाराचं पहिलं आवडतं गाणं यादीत आलं तर त्याचं समाधान १ धरायचं. दुसरं आलं तर त्यात १/२ मिळवायचं, तिसरं आलं तर १/३ आणि असंच पुढे. सर्वांच्या समाधानाची बेरीज सर्वात जास्त येईल, तो संच निवडायचा.

आपल्याच उदाहरणावर लावून बघू.

पाचही गाणी गाजलेली: ६० × (१ + १/२ + १/३ + १/४ + १/५) = १३७.

चार गाजलेली, एक बर्लिनचं: १२५ + ४० = १६५.

तीन गाजलेली, दोन बर्लिनची: ११० + ६० = १७०.

दोन गाजलेली, तीन बर्लिनची: ९० + ७३.३ = १६३.३.

सर्वात वर ३:२. आणि चाहत्यांचं प्रमाण काय होतं? ६०:४०. राखीव जागा नाहीत, गट आधी पाडलेले नाहीत, कोण कोणत्या गटात हे विचारलंही नाही. फक्त 'घटता लाभ' मोजणीत धरला आणि प्रमाण आपोआप उतरलं. पहिल्यांदा हे कागदावर सोडवलं तेव्हा मी ती आकडेमोड तीनदा केली. आधी मला ती मुलगी आठवली, मग टीले.

पण ही काही जादूची कांडी नाही. तीन अडचणी लक्षात ठेवा.

एक, १, १/२, १/३ हेच वजन का? १९८३ मध्ये चेंबरलिन आणि कूरंट यांनी वेगळा नियम मांडला. प्रत्येकाचा यादीत एक प्रतिनिधी असला की पुरे, दुसऱ्याला किंमत शून्य. त्या हिशोबाने वरच्या उदाहरणात ४:१ आणि १:४ दोन्ही सारखेच चांगले. वजन कोणतं घ्यायचं हे गणित सांगत नाही. तो मूल्यांचा निर्णय आहे आणि तो तुम्हालाच घ्यावा लागतो.

दोन, हिशोब अवघड आहे. ४०० गाण्यांतून २० निवडायचे प्रकार एकावर ३३ शून्यांहून जास्त होतात. सगळे तपासणं अशक्य. म्हणून एकेक गाणं घेत जायचं, दर वेळी सर्वात जास्त भर घालणारं. अशा घटत्या लाभाच्या प्रश्नांत ही साधी रीत सर्वोत्तम उत्तराच्या निदान ६३ टक्के तरी गाठते, हे नेमहाउझर, वोल्सी आणि फिशर यांनी १९७८ मध्ये सिद्ध केलं. प्रत्यक्षात ती बरेचदा याहून पुष्कळ जवळ जाते.

तीन, हुशार मतदार इथेही खेळी करू शकतो. जे गाणं कसंही येणारच, त्यावर त्याने खूणच केली नाही तर हिशोबात तो 'असमाधानी' राहतो आणि त्याच्या दुसऱ्या आवडीला जास्त वजन मिळतं.

निर्दोष नियम मग आहे तरी का? पसंतीक्रमांवरून समूहाचा क्रम लावण्याबद्दल केनेथ अॅरो यांनी १९५१ मध्ये दाखवलं की तीन किंवा जास्त पर्याय असतील, तर काही अगदी वाजवी अटी एकाच वेळी पाळणारा नियम असूच शकत नाही. यावरून हात टेकायचे नाहीत. मी कोणता दोष पत्करला आणि का, एवढं स्वच्छ लिहायचं.

मतं चालू असताना आकडे दाखवायचे?

आजकाल मतदान सुरू असतानाच कोण पुढे आहे ते दाखवतात. मजा येते खरी, पण किंमत मोजावी लागते. सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. अनोळखी बँडची ४८ गाणी, १४ हजारांहून जास्त सहभागी. काहींना फक्त गाणी दिसत. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या 'जगां'त वाटलेलं आणि तिथे आपल्या जगातल्या आधीच्या लोकांनी कोणतं गाणं किती वेळा डाउनलोड केलं ते दिसे. गाणी तीच, पण आठ जगांत यशाचा क्रम वेगवेगळा लागला. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत, मात्र मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. गाणी लोकप्रियतेच्या क्रमाने लावून दाखवली तेव्हा हा परिणाम आणखी वाढला.

म्हणून आकडे शेवटपर्यंत झाकून ठेवा आणि यादीचा क्रम प्रत्येकासाठी बदलत राहा. माझ्या त्या फॉर्ममध्ये क्रम सगळ्यांना एकच होता, हे आता वेगळं सांगायला नको.

मग बरोबर यादी कोणती?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. बोवीच्या निवडींमधली चुकीची अशी एकही नाही. फोनने सांगितलं, हट्टाने मत देणाऱ्यांना काय हवं होतं. २००२ च्या याद्यांनी सांगितलं, कुठे काय चाललं. त्याच्या स्वतःच्या बारा गाण्यांनी सांगितलं, त्याला आपलं कोणतं काम हरवू द्यायचं नव्हतं. आणि उलट्या क्रमाने सांगितलं, तो आजपासून मागे बघायला लावत होता. यादी वाचताना तिचा प्रश्न सोबत वाचला नाही, तर गोंधळ आपलाच होतो.

आता तुमच्या टेबलाकडे बघा. पूर्वीच्या संशोधनाचा आढावा म्हणजे एका विषयाच्या कारकिर्दीचा संग्रहच असतो. सर्वाधिक उद्धृत झालेले वीस शोधनिबंध उचलले तर तुम्ही नील यंगची मोजपट्टी लावलीत. सोपी आहे, निरुपयोगी नाही, पण त्यात आधीच गाजलेलं पुन्हा गाजतं आणि एकाच गटाचे आठ निबंध येऊन बसतात. टीलेचा विचार करा: या निबंधाने यादीत नवीन काय आणलं? आणि जोनी मिचेलसारखा एक 'मिसेस'चा परिच्छेद ठेवा. कमी उद्धृत झालेले, पण तुमच्या प्रश्नाशी थेट भिडणारे दोन-तीन निबंध त्यात घाला. तोंडी परीक्षेत बरेचदा त्यांच्यावरच प्रश्न येतो.

या आठवड्यात एक करून बघा. दहा मित्र, एका गायकाची किंवा गायिकेची पंधरा गाणी, जागा चार. खुणा करायला सांगा. आधी सरळ बेरीज करून यादी काढा, मग टीलेच्या रीतीने. दोन्ही याद्या शेजारी ठेवा आणि पहिल्या यादीत ज्याचं एकही गाणं आलं नाही, तो कोण हे शोधा. सापडला की त्याला विचारा, त्याला काय ऐकायचं होतं.

माझ्या त्या कार्यशाळेत हा शेवटचा प्रश्न मी विचारला नव्हता. पुढच्या वर्षी पाचपैकी दोन सत्रं वेगळी होती.